गळ्यातली चाल कागदावर

आपल्या चळवळीचा फार मोठा ठेवा गाण्यांत आहे. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींनी गावोगावी फिरून बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून घरोघरी पोहोचविला. पुष्कळ गाण्यांचे शब्द छापले गेले, वह्यांत उतरवले गेले. पण चालींचे काय? कित्येक गायन पार्ट्यांच्या चाली आजही फक्त वयोवृद्ध गायकांच्या गळ्यात आहेत. गायक गेला की चालही जाते. वहीत नोंद नसलेली रक्कम हिशेबात धरत नाहीत, तशीच ही गत आहे.

या कामी आता संगणकाची मदत घेता येते. गायलेल्या वा वाजविलेल्या सुरांवरून स्वरलेखन करणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. स्पॉटिफाय कंपनीने २०२२ साली खुले केलेले 'बेसिक पिच' त्यांपैकीच एक. ते विनामूल्य आहे.

सूर म्हणजे हवेतील कंपने. सेकंदाला ४४० कंपने झाली की पाश्चात्य पद्धतीतला 'ए' हा स्वर होतो. ८८० झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात. सॉफ्टवेअर ध्वनिमुद्रणाचे बारीक तुकडे पाडून स्वर ओळखते, तो कुठे सुरू झाला आणि कुठे थांबला हे टिपते व 'मिडी' नावाची फाईल तयार करते. ती 'म्युझस्कोर' या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पाच रेघांवर स्वरलिपी दिसते.

मात्र यंत्रावर सर्वस्वी विसंबू नये. ढोलकी, पेटी आणि कोरस एकत्र असले की त्याचा गोंधळ उडतो. म्हणून गायकाला एकट्याने गाऊ द्यावे. मींड व हरकती यंत्र तुटक लिहिते. शिवाय आपला 'सा' गायकागणिक बदलतो. तेव्हा गायकाची पट्टी काळी दोन की पांढरी चार, हे कागदावर अवश्य लिहावे. नंतर पेटीवाल्याकडून तपासून सारेगमात उतरवून घ्यावे. मूळ ध्वनिमुद्रणही जपावे, कारण आवाजातला आवेश कोणत्याच स्वरलिपीत मावत नाही.

प्रत्येक विहारातील तरुणांनी आपल्या भागातील एका ज्येष्ठ गायकाकडे जावे. त्यांची संमती घ्यावी. गीतकाराचे, चाल बांधणाऱ्याचे आणि गायकाचे नाव नोंदवावे. ज्या माउलींनी जात्यावर भीमाच्या ओव्या गायल्या, त्यांनाही विसरू नये. ज्यांच्या आवाजाने समाज जागा झाला, त्यांची नोंद ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. जयभीम!