पहारेकऱ्याची गफलत

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची? शरीराच्या बाबतीत हा प्रश्न म्हणीपुरता उरत नाही. जंतूंशी झुंजण्यासाठी असलेली यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर वा मूत्रपिंडांवर उलटते, तेव्हा स्वयंप्रतिकार विकार जडतात. ल्युपस हा त्यांपैकीच एक. त्याच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि तो बहुधा ऐन उमेदीच्या वयात गाठतो.

प्रतिकारशक्तीचे दोन विभाग मानले जातात. अर्जित विभागातील पेशी विशिष्ट शत्रूची ओळख लक्षात ठेवतात. लशीचा उपयोग होतो तो या स्मृतीमुळेच. उपजत विभाग जन्मापासून पहाऱ्यावर असतो. स्वयंप्रतिकाराचा दोष दीर्घकाळ अर्जित विभागाच्याच माथी मारला गेला. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिकही त्या विभागाला आवर घालणाऱ्या टी पेशींच्या संशोधनास मिळाले. त्या संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. परंतु पहिली हाकाटी कोण देतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात काटा टोचला आणि त्याभोवती भटक्या पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. या भक्षक पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक अर्लिख यांच्यासमवेत मिळाले. पुढे मात्र उपजत विभाग हा बिनडोक पहारेकरी ठरला. हा पहारेकरी इशारा देत नाही तोवर अर्जित सेना हलत नाही, असे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडले. तो इशारा देणारे 'टोल' जातीचे ग्राहक १९९६ मध्ये हॉफमन यांना फळमाशीत व १९९८ मध्ये बॉयटलर यांना उंदरात गवसले. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

ल्युपसमध्ये हा इशाराच चुकतो. या जातीचा 'टीएलआर-७' हा ग्राहक विषाणूंचे आरएनए ओळखतो. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात. त्यांच्या अवशेषांतही आरएनए असते. भक्षक पेशी ते वेळीच उचलतात, म्हणून एरवी अनर्थ टळतो. ही साफसफाई रेंगाळली की घरचा केरच शत्रू भासू लागतो. धोक्याची घंटा वाजते, इंटरफेरॉन पाझरते, अर्जित सेना जागी होऊन प्रतिपिंडे घडविते. ही प्रतिपिंडे तोच केर पुन्हा पहारेकऱ्यापुढे आणून टाकतात. मग घंटा थांबत नाही. २०२२ मध्ये स्पेनमधील एका मुलीच्या ल्युपसचे मूळ 'टीएलआर-७'च्या जनुकातील एकाच बदलात सापडले. तोच बदल उंदरांत घडविला असता त्यांनाही तसाच विकार जडला. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रियांत अशी गुणसूत्रे दोन. त्यांच्या वाट्याला हा विकार अधिक का येतो, याचे एक कारण येथे असावे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरील स्वस्त औषध ल्युपसच्या रुग्णांना १९५० च्या दशकापासून दिले जाते. ते या ग्राहकांना शांत करते, हे कळावयास कित्येक दशके जावी लागली. २०२० मध्ये कोविडवरील उपाय म्हणून याच गोळ्यांवर झुंबड उडाली. मार्चमध्ये सरकारने निर्यातीवर व किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, तरी ज्यांना ती रोज घ्यावी लागते अशा अनेक रुग्णांना दुकानोदुकानी हिंडावे लागले. कोविडच्या इस्पितळातील रुग्णांना तिचा लाभ होत नाही, हे जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले. भीतीपोटी वाढलेल्या मागणीने खऱ्या गरजवंताला रांगेच्या शेवटी ढकलले.

'प्रतिकारशक्ती वाढवा' ही आजच्या बाजारातील लाडकी घोषणा आहे. परंतु लांबलेला ताप, सुजलेले सांधे आणि उन्हात उमटणारे चट्टे घेऊन बसलेल्या तरुणीची प्रतिकारशक्ती दुबळी नसते. ती भलत्याच दिशेने पेटलेली असू शकते. तिला हवे असते वेळीच अचूक निदान आणि नियमित मिळणारी एक स्वस्त गोळी. पुढच्या साथीत तिच्या वाट्याची गोळी आधी बाजूला काढून ठेवावी, एवढा धडा तरी औषधपुरवठ्याची धोरणे आखणाऱ्यांनी २०२० पासून घ्यावा.