चिखलवाटेची मोटार : नवी घ्यावी की वापरलेली?

रायपूरच्या तेलीबांधा तलावाभोवतीच्या रस्त्याला तेथील लोक कौतुकाने 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. संध्याकाळी या काठावर उभे राहिले, की उंच बांध्याच्या, रुंद चाकांच्या, पाठीवर जादा चाक टांगलेल्या मोटारींची रांगच आपल्यापुढून जाते. कित्येकींच्या अंगावर 'फोर-बाय-फोर' अशी अक्षरे मिरवत असतात. रस्ता मात्र तळहातासारखा गुळगुळीत. अशा मोटारीला चार चाकांनी ओढण्याचे सामर्थ्य देण्यासाठी जे दोन-तीन लाख रुपये अधिक मोजावे लागतात, ते केव्हा सार्थकी लागतात आणि केव्हा केवळ शोभेचे ठरतात, याचा विचार आज करावयाचा आहे. श्रोतेहो, मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल मोठा खर्च बहुधा मोटारीचाच असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा आहे, असे म्हणता यावयाचे नाही.

या जातीच्या सर्व गाड्यांची आजी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीप. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि पुढे कित्येक वर्षे तहसीलदार, वनाधिकारी व पाटबंधारे खात्याचे अभियंते यांच्या फिरतीशी 'जीप' हा शब्द जोडला गेला. पुढे १९९४ साली टाटांची सुमो आली. तिचे नाव सुमंत मुळगावकर या मराठी अभियंत्याच्या नावातील आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आज ज्यांना 'कॉम्पॅक्ट एस.यू.व्ही.' म्हणतात, त्यांपैकी बहुसंख्य गाड्या मात्र या घराण्यातल्या नव्हेत. त्या आहेत साध्या मोटारीच. फक्त अंगाने थोड्या उंच. त्यांचे इंजिन पुढची दोनच चाके फिरवते. मी हे दूषण म्हणून सांगत नाही. दहांपैकी नऊ घरांना तेवढेच पुरते, किंबहुना तेच सोयीचे असते.

मग खऱ्या चिखलवाटेच्या गाडीत अधिक काय असते? हे समजण्यासाठी प्रथम 'डिफरन्शियल' या यंत्रभागाची ओळख करून घेतली पाहिजे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जखडली, तर एक चाक फरफटत जाईल. म्हणून मधे दातेरी चक्रांची अशी रचना करतात, की प्रत्येक चाकाला आपापल्या गतीने फिरता यावे. या सोयीची एक खोड आहे. जे चाक सहज फिरते, त्याच्याकडेच सारी गती जाते. एक चाक चिखलात रुतले, की ते जागच्या जागी भिरभिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ बसते. चारही चाकांना ओढ दिली, तरी पुढचे एक व मागचे एक अशी दोन चाके अधांतरी झाली म्हणजे गाडी अडतेच. त्यावर उपाय दोन. एक, डिफरन्शियलला कुलूप घालणे, म्हणजे दोन्ही चाके काही काळ एकत्र बांधणे. दुसरा, भिरभिरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावून ओढ दुसरीकडे वळविणे. पहिला उपाय अधिक खात्रीचा, दुसरा हलक्या गाडीस पुरेसा.

याहूनही महत्त्वाचा भाग म्हणजे 'लो रेंज', अर्थात गियरांची दुसरी, मंद जोडी. ती लावली असता चाकावरचा जोर दुपटीहून अधिक वाढतो व वेग त्याच प्रमाणात घटतो. ओल्या उतारावर ब्रेकला पाय न लावता, इंजिनाच्याच आवरण्याने गाडी मुंगीच्या पावलांनी खाली उतरते. माझ्या मते गाडी खरोखर रानवाटेची आहे की नाही, याची कसोटी हीच आहे. २०१४ साली आलेली रेनॉ डस्टरची चारचाकी-ओढीची आवृत्ती, किंवा २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा व हायरायडर यांच्या तशाच आवृत्त्या, यांत ही मंद जोडी नाही. ओल्या कच्च्या रस्त्याला त्या उत्तम. पण खडकाळ ओढ्यात त्यांच्याकडून जीपचे काम मागू नये.

आता भूमीचा विचार. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे मुरमाड, लालसर माळ; त्यावरून भर पावसाळ्यातही साधी गाडी निघून जाते. कन्हार म्हणजे आपल्या विदर्भातील काळ्या जमिनीची सख्खी बहीण. पाऊस पडला की ती टायरच्या खाचांत अशी भरते, की चाकाचा गुळगुळीत गोळा होतो आणि चारचाकी ओढीचाही इलाज चालत नाही. नागपूरकर भोसल्यांची फौज भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली १७४१ साली छत्तीसगडात उतरली. मराठी फौजा दसऱ्यानंतर मोहिमेस निघत, त्याचे एक कारण हा चिखलच होता. तात्पर्य, तुमचे गाव, शेत किंवा कामाची जागा कोणत्या मातीत आहे, हे पाहून टायर निवडावे. चांगले टायर व सावध चालक असेल, तर दोन चाकांच्या ओढीची गाडीही मुरमाच्या रस्त्याने बारा महिने जाते. झिजलेल्या टायरांची फोर-बाय-फोर पहिल्याच धानाच्या बांधाशी बसकण मारते.

रायपूरहून जगदलपूरला जाताना केशकालचा घाट लागतो म्हणून फोर-बाय-फोर हवी, असे सांगणारे मला भेटतात. तो राष्ट्रीय महामार्ग आहे. तेथून मालट्रक आणि बसगाड्या रोज जातात. उलट बारनवापाराच्या बाजूची एखादी वनवाट, धमतरीकडील शेतावरचा पांदण रस्ता, किंवा ज्याची नोकरीच सर्वेक्षणाची, आरोग्यसेवेची वा जंगलाची आहे त्याचा पावसाळी दौरा, येथे या गाडीवाचून अडते. अशा दौऱ्यावर गाडी रुतणे म्हणजे केवळ चार तासांचा खोळंबा नव्हे; आजारी माणूस गाडीत असेल, तर त्याचा अर्थ निराळा होतो.

नवी घेणाऱ्यापुढे आज लहान आकाराच्या खऱ्या रानगाड्या दोन-तीनच आहेत. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये आली. वजन सुमारे बाराशे किलो, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर, दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, मंद जोडी प्रत्येक गाडीत. हलकेपणा हा तिचा मोठा गुण. जेथे जड गाडी रुतते, तेथून ती पाण्यावरच्या किड्यासारखी निघून जाते. सामानाची जागा मात्र फारच थोडी आणि महामार्गावर चार माणसांसह चढावर ओढ बेताची. महिंद्रांची दुसऱ्या पिढीतील थार २ ऑक्टोबर २०२० रोजी विक्रीस आली. तिची उंची २२६ मिलिमीटर असून साडेसहाशे मिलिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते, असे निर्माते सांगतात. जोर भरपूर, पण तीन दारांच्या गाडीत मागच्या आसनावर आजीबाईंना चढविणे ही एक कसरत आहे. पाच दारांची थार रॉक्स २०२४ साली आली. तिने ही अडचण दूर केली, परंतु ती लहान गाडी उरली नाही. फोर्स कंपनीची गुरखा पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियलची कुलुपे घेऊन येते. तिला रानातच खरी करमणूक वाटते.

येथे कराची एक गंमत सांगितली पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि पेट्रोल असल्यास १२०० घ.सें.मी., डिझेल असल्यास १५०० घ.सें.मी.पर्यंतच्या इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के, तर इतर गाड्यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. जिम्नी लांबीने चार मीटरच्या आत असूनही इंजिनामुळे वरच्या गटात पडते. थारची दोन चाकांच्या ओढीची दीड लिटर डिझेल आवृत्ती खालच्या गटात बसते, आणि तीच थार चार चाकांनी ओढू लागली, की इंजिन मोठे असल्यामुळे वरच्या गटात जाते. रूप तेच, किमतीत मात्र लाखांचा फरक. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली थार चिखलात का अडली, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. आणखी एक गोष्ट : १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून लांब व सलग पळावी लागते. तेलीबांध्याहून शंकरनगरपर्यंत भाजी आणण्यापुरतीच गाडी वापरणाऱ्याने डिझेलच्या वाटेस जाऊ नये.

वापरलेल्या गाडीचा बाजार हे निराळेच अरण्य आहे. १९८५ च्या अखेरीस आलेली जिप्सी आजही जाणकारांच्या प्रेमाचा विषय आहे. यंत्र साधे, कोणत्याही मिस्त्रीच्या हाताखालचे. २०१० ते २०२० या काळातील पहिली थारही दणकट. पण या दोहोंतही हवेच्या उशा, म्हणजे एअरबॅग, नाहीत. आणि मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्या मुलांना पट्टाही नसतो. एकट्या हौशी माणसाने शेतावर नेण्यासाठी जिप्सी घ्यावी, मी अडविणार नाही. पण तीच गाडी महामार्गावरून मुलाबाळांसह नागपूरला नेण्यासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुनेच घ्यावयाचे, तर २०२० नंतरची थार किंवा दोन-तीन वर्षे वापरलेली जिम्नी पाहावी.

गाडी पाहावयास दिवसा जावे, आणि प्रथम बाहेरचा रंग नव्हे, तर खालची बाजू पाहावी. चासीच्या दोन्ही लांब दांड्यांवर कोठे ताजी वेल्डिंग, वाकलेली कड किंवा नुकताच फासलेला काळा रंग आहे काय? समुद्रकाठी वावरलेल्या गाडीला गंज तेथेच आधी लागतो. डिफरन्शियलच्या तेलाचा बूच सोडवून तेल पाहावे; ते दुधाळ दिसले, तर आत पाणी गेले आहे. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढावा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ त्या पट्ट्याच्या शेवटच्या वितीत हमखास सापडतो, कारण गाडी धुणाऱ्याचा हात तेथवर पोहोचत नाही. नंतर मातीच्या मैदानावर चारचाकी ओढ व मंद जोडी प्रत्यक्ष लावून पाहावी. हे कोरड्या डांबरी रस्त्यावर करू नये. जिम्नी, थार यांसारख्या गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांच्या मधे डिफरन्शियल नसते. त्यामुळे वळणावर आतील यंत्रणा पिळली जाते. आधीच्या मालकाने शहरात दिमाखाने चारचाकी ओढ लावून गाडी फिरविली असेल, तर गियरपेटीतून येणारी खरखर ते गुपित फोडते. मोठी चाके, उंचावलेल्या कमानी, पुढचा लोखंडी कठडा, हे सारे पाहून भुलू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीवाचून असे मूळ रूप बदलता येत नाही. आणि कठड्यांवर कारवाई करावी, असे केंद्र सरकारने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळविले आहे. दंड नव्या मालकाला भरावा लागतो.

रायपूरची पुष्कळ मराठी कुटुंबे जुनी गाडी नागपूरच्या बाजारात शोधतात; नातेवाईक तेथे असतात, निवडही मोठी मिळते. अशा वेळी किमतीत कागदपत्रांचा खर्च आधीच धरावा. मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवली, तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील कर नव्याने भरावा लागतो. मालकीबदलासाठी २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावयाचे; गाडीवर कर्ज असेल, तर ते फिटल्याचा ३५ क्रमांकाचा नमुनाही बँकेच्या सहीशिक्क्यासह घ्यावा. विकणाऱ्याने पूर्वी कमावलेली विम्यातील सूट त्याच्याबरोबर जाते, घेणाऱ्यास मिळत नाही. विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. बदलीच्या नोकरीत असलेल्यांसाठी २०२१ सालापासून 'बी.एच.' मालिकेचा क्रमांक उपलब्ध आहे. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो, आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पण अशी गाडी विकत घेताना आपणही त्या मालिकेस पात्र आहोत काय, हे आधी विचारून घ्यावे. नसल्यास स्थानिक क्रमांक व स्थानिक कर आलाच. बयाणा देण्यापूर्वी थकलेल्या दंडाच्या पावत्या परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकून पाहाव्यात. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते विकणाऱ्याच्या समोरच करावे.