कोंडाण्यात बारा कधी वाजतात?

दोस्तांनो, येत्या रविवारी ऊन चांगलं पडलं, तर एक उद्योग करा. हातभर लांबीची सरळ काठी अंगणात सपाट जागी अगदी उभी रोवा. साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी एकेक खडा ठेवत जा. सावली आखूड होत जाईल, एका क्षणी सगळ्यांत लहान होईल आणि मग पुन्हा लांबायला लागेल. ती सगळ्यांत लहान झाली, तो तुमच्या गावचा खरा मध्यान्ह. सूर्य त्या दिवशी त्याहून वर चढणार नसतो. सूर्याच्या हिशेबाने त्या क्षणी बरोबर बारा वाजलेले असतात.

आता मनगटावरचं घड्याळ बघा. बारा? छे! बारा कधीच वाजून गेलेले असतील.

समजा, ही काठी तुम्ही कोंडाण्यात रोवली. कोंडाणे म्हणजे कर्जत तालुक्यातलं राजमाचीच्या पायथ्याचं गाव. दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी बघायला सहली जातात, ते हे. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्वांत लहान सावली पडेल १२ वाजून २० मिनिटांनी आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५१ मिनिटांनी! वर्षाची सरासरी काढली, तर कोंडाण्याचे खरे बारा वाजतात घड्याळातल्या साडेबाराच्याही नंतर, १२ वाजून साडेछत्तीस मिनिटांनी. (सूर्य असा मागेपुढे का होतो? पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, म्हणून. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे, आज सरासरीवरच भागवू.)

मग चुकतंय कोण, सूर्य की घड्याळ? दोघंही नाहीत. तुमचं घड्याळ तुमच्या गावचं नाहीच मुळी! ते चालतं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या एका रेषेवर. तिचा रेखांश साडेब्याऐंशी अंश पूर्व.

गणित चौथीच्या मुलालाही जमेल असं आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एक अंश फिरायला तिला चार मिनिटं लागतात. कोंडाणे आहे सुमारे ७३.४ अंशांवर. साडेब्याऐंशीतून ते वजा केले की उरतात ९.१ अंश. गुणिले चार. आली की नाही साडेछत्तीस मिनिटं? आजीच्या भाषेत सांगायचं तर दीड घटका. साठ घटकांचा एक दिवस, म्हणून एक घटका चोवीस मिनिटांची.

खात्री पटत नसेल, तर भिंतीवरची दिनदर्शिका काढा. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदयाच्या वेळा गावोगावच्या वेगवेगळ्या छापतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. उपास सोडायचा तर आपल्या गावचा चंद्र बघायला हवा, मुंबईचा पाहून कसं चालेल! सूर्याचंही तसंच. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथला मध्यान्ह मुंबईच्या पंचवीस मिनिटं आधी होतो. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात.

पूर्वी असं नव्हतं. ज्या गावचा सूर्य, त्या गावची वेळ. कोंडाण्याच्या शेतकऱ्याला मिनिटांशी कर्तव्यच नव्हतं. दिवस कासराभर वर आला, डोक्यावर आला, गुरं परतायची वेळ झाली, दिवेलागण झाली, एवढ्यावर सगळा दिवस नीट चालायचा. त्यातून पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तेव्हा पंचांगातला सूर्योदय होऊन गेल्यावरही इथे सूर्याला डोंगर चढून यावं लागतं ते वेगळंच.

मग आली आगगाडी. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि कर्जतच्या पुढे डोंगरात बोगद्यांमधून गाड्या धावू लागल्या. आता बघा हं, गाडी मुंबईहून निघते तेव्हा मुंबईची वेळ, कर्जतला आली की सूर्याच्या हिशेबाने दोन मिनिटं पुढे, पुण्यात चार मिनिटं पुढे. वेळापत्रक छापायचं कसं? शिवाय एकाच रुळावर समोरासमोरून गाड्या येत असतील आणि दोन स्टेशनमास्तरांची घड्याळं वेगळी असतील, तर काय होईल? म्हणून सगळ्या रेल्वेसाठी एकच वेळ हवी झाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन मोठी शहरं, पण त्यांच्या वेळांत तासाभराचा फरक. मधली म्हणून निवडली मद्रासची वेळ. तिथे वेधशाळाही होती आणि तारायंत्राने वेळ कळवण्याची सोयही.

मद्रासची वेळ मुंबईच्या तीस मिनिटं पुढे. कोंडाण्याच्या सूर्यापुढे साडेसत्तावीस मिनिटं. म्हणजे कोंडाण्याहून सूर्याच्या अंदाजाने अगदी वेळेवर कर्जत स्टेशनात पोचलेल्या माणसाला गाडीचा नुसता धूर दिसायचा!

रेल्वेपुरतं लोकांनी ते चालवून घेतलं. पण १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने शहरालाच मद्रासच्या वेळेवर चालवायचा प्रयत्न केला. त्या वेळी गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन. हो, पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. मुंबईकरांना हे मुळीच रुचलं नाही. राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता, १८७८ मध्ये पूर्ण झालेला. त्यावरचं विद्यापीठाचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिलं. सरकार म्हणालं, मग रात्री घड्याळावर दिवे लावायचा खर्च आम्ही देणार नाही. विद्यापीठाच्या सिनेटने ते ऐकून घेतलं आणि घड्याळ होतं तसंच ठेवलं! शेवटी सरकारनेच माघार घेतली.

खरी लढाई पुढेच होती. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी स्टँडर्ड टाइम आला. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली, आज आपण वापरतो तीच वेळ. मुंबईच्या वेळेपेक्षा ती ३९ मिनिटं पुढे होती. तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, काटे पुढे सरकवले की झालं. पण गिरणीच्या कामगाराच्या जागी उभं राहून बघा. भोंगा नव्या घड्याळाने व्हायचा, म्हणजे प्रत्यक्षात ३९ मिनिटं आधी. सूर्य तोच, अंधार तोच, पण अंथरूण मात्र पाऊणएक तास लवकर सोडायचं, आणि त्याला कोणी विचारलेलंही नाही. त्याच जानेवारीत मुंबईच्या वेशीवरच्या एका गिरणीतल्या हजारो कामगारांनी काम करायला नकार दिला, दगडफेकही झाली.

महापालिकेत सर फिरोजशहा मेहतांनीही हेच बोलून दाखवलं, की सरकारने लोकांना विश्वासात घेतलेलं नाही. महापालिकेची घड्याळं मुंबई टाइमवरच राहिली. आणि हे एकदोन वर्षं नव्हे, तर देश स्वतंत्र झाल्यानंतरही काही वर्षं! चार दशकांहून अधिक काळ एकाच शहरात दोन वेळा नांदत होत्या. कोणी ‘पाच वाजता ये’ म्हणालं, तर ‘कुठल्या पाचला?’ असं विचारणं शहाणपणाचं होतं.

यात आणखी एक गंमत घडली, ती युद्धाच्या काळात. सप्टेंबर १९४२ मध्ये भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे केली गेली, ती थेट ऑक्टोबर १९४५ पर्यंत. संध्याकाळी उजेड जास्त वेळ मिळावा आणि दिवाबत्ती वाचावी, हा हेतू. त्या तीन वर्षांत कोंडाण्याचा मध्यान्ह घड्याळात दीड वाजून गेल्यावर होत होता. आणि ते १९४२ साल कसलं होतं, तर कर्जत-मुरबाडच्या डोंगरांत भाई कोतवालांचा आझाद दस्ता विजेच्या तारांचे मनोरे पाडत होता तेच. इंग्रज सरकार इकडे घड्याळ फिरवून वीज वाचवत होतं आणि तिकडे दस्त्याने वीजच तोडली होती!

घड्याळ पुढे ढकलायची ही युक्ती मूळची भारतातली नाही. विल्यम विलेट नावाचा इंग्लंडमधला एक बांधकाम व्यावसायिक पहाटे घोड्यावरून फेरफटका मारायचा. उन्हाळ्यात लख्ख उजाडलेलं असायचं आणि घराघरांचे पडदे ओढलेले. हा उजेड फुकट जातो म्हणून त्याने १९०७ मध्ये पुस्तिका काढली. लोक हसले. १९१५ मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी, पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवायला आधी जर्मनीने आणि पाठोपाठ ब्रिटनने तेच केलं.

आज ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर तर फक्त अर्धा तास सरकवतात, हौसच ती. तुमची मावशी न्यू जर्सीत असेल आणि रोज रात्री नऊला फोन करत असेल, तर उन्हाळ्यात तुमचा फोन सकाळी साडेसहाला वाजेल आणि दिवाळीनंतरच्या थंडीत साडेसातला. मावशीने वेळ बदललेली नसते, तिच्या देशाने बदललेली असते.

लॉर्ड्सवरची कसोटी सकाळी अकराला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेतीन. म्हणजे फरक साडेचार तासांचा. हिवाळ्यात तोच साडेपाच होतो. तेव्हा लंडनची वेळ ओळखायची एक युक्ती आहे: काट्यांचं घड्याळ उलटं धरा. आपले तीन वाजले असतील, तर उलट्या घड्याळात साडेनऊ दिसतील, आणि लंडनमध्ये तेवढेच वाजलेले असतात. उन्हाळ्यात मात्र ही युक्ती फसते बरं.

आणि हे कोडं आजोबांना घाला: अमेरिकेत नोव्हेंबरमधल्या त्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ पुन्हा एकवर आणतात. जुळ्यांपैकी पहिलं बाळ १ वाजून ५५ मिनिटांनी जन्मलं, दुसरं दहा मिनिटांनी. दाखल्यावर दुसऱ्याची वेळ येईल १ वाजून ५ मिनिटं. मग थोरलं कोण?

आपल्याकडे हे का करत नाहीत? लंडनमध्ये जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरमधला आठ तासांहून लहान असतो. तिथे उन्हाळ्यात उजेडाची चैन असते, थोडा इकडून तिकडे सरकवता येतो. कोंडाण्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. सरकवायला उरतंच काय?

पण घड्याळाची खरी अडचण आपल्या देशात दुसऱ्या टोकाला आहे. गुजरातच्या पश्चिम टोकापासून अरुणाचलच्या पूर्व टोकापर्यंत सुमारे २९ अंश, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तास. घड्याळ मात्र एकच. त्यामुळे गुवाहाटीत जूनमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी साडेचारलाच मावळतो. शाळा सुटून मुलं मैदानावर पोचतात न पोचतात तोच अंधार! २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सुचवलं, की ईशान्येला एक तास पुढची वेगळी वेळ द्यावी. देशाची अधिकृत वेळ हीच प्रयोगशाळा दिल्लीत अणुघड्याळांवर सांभाळते. पण दोन वेळा झाल्या की रेल्वेचा तोच जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि ती सूचना अजून अमलात आलेली नाही.

आसामच्या चहामळ्यांनी मात्र कोणाची वाट पाहिली नाही. इंग्रजांच्या काळापासून मळ्यांचं घड्याळ एक तास पुढे असतं, त्याला तिथे ‘बागान टाइम’ म्हणतात. भोंगा बागान टाइमने होतो आणि गाडी पकडायची असते स्टँडर्ड टाइमने. मळ्यात कोणी ‘पाच वाजता ये’ म्हणालं, तर ‘कुठल्या पाचला?’ हे तिथे आजही विचारून घ्यावं लागतं.