भाऊबीज आणि सोपाऱ्याची वाट

दीपावलीला मिटलेली वही लाभपंचमीच्या मुहूर्तावर उघडते. मधल्या दिवसांत भाऊबीज येते आणि मुंबईच्या अनेक व्यापारी कुटुंबांचे पाय वसई-विरारकडे वळतात, कारण लेकीबाळींची घरे आता तिकडे आहेत. परंतु हे जाणे बहुधा धावतपळत घडते. दुपार कलल्यावर निघायचे, विरार गाडीच्या गर्दीत उभे राहायचे, ओवाळून घ्यायचे, ताटात ओवाळणी घालायची आणि परतायचे. चौविहार पाळणाऱ्यांचा तर मोठाच पेच होतो. कार्तिकात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. सात वाजता पोहोचलेल्या भावासाठी बहिणीने सकाळपासून रांधलेले अन्न तसेच झाकून राहते.

या तिथीचा जैन परंपरेतील उगम पाहिला, तर ही धावपळ अधिकच खटकते. आश्विन अमावास्येला भगवान महावीरांचे निर्वाण झाले आणि ज्येष्ठ बंधू राजा नंदिवर्धन शोकाने अन्नपाणी विसरला. द्वितीयेला बहीण सुदर्शना हिने त्याला आपल्या घरी नेले, समजूत घातली, जेवू घातले. अशा समजुतीला वेळ लागतो. ती दारात उभ्या उभ्या घालता येत नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांतही प्रवासाचा विचार आहे. दिग्व्रताने दिशांची मर्यादा आखली जाते, देशावकाशिक व्रताने ती दिवसापुरती आणखी आवळली जाते. साधुसाध्वींचा चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेपर्यंत चालतो. तोवर गृहस्थानेही थोडेच, परंतु सावकाश हिंडावे, हे ऋतूलाही धरून आहे. शरदाची उन्हे उतरणीला लागलेली असतात आणि वसईच्या वाड्यांत पावसाळ्याचा हिरवा रंग अजून टिकून असतो.

यासाठी भाईंदरहून निघावे. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आहे. खाडी ओलांडायला सुमारे पाव तास लागतो. रस्त्याने गेल्यास मोठा वळसा पडतो. बोट वसई किल्ल्याजवळ लागते. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला हा किल्ला मुलांना अवश्य दाखवावा. मात्र दिवस तिथेच संपवू नये. बहिणीच्या घरी दोन रात्री राहायचे ठरले असेल, तर दुसरी सकाळ सोपाऱ्यासाठी राखावी.

नालासोपारा म्हटले की डोळ्यांपुढे गर्दीचे स्थानक उभे राहते. हे नाव नाळे आणि सोपारे या दोन गावांचे मिळून झाले आहे आणि त्यातले सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. ग्रीक प्रवासवर्णनांतही ते नाव येते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरूड राजाच्या कोटात विटांचा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना त्याच वर्षी मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी सापडला. स्तूप बौद्धांचा आहे, हे खरे. परंतु या बंदराशी जैनांचे नाते त्याहून घरगुती आहे.

बारा वर्षांच्या दुष्काळात सोपाऱ्यात जिनदत्त श्रेष्ठी आणि ईश्वरी हे दांपत्य राहत होते, अशी कथा आहे. द्रव्य होते, धान्य नव्हते. शेवटी लक्ष मोलाचे थोडेसे अन्न शिजवून, त्यात विष कालवून, चार पुत्रांसह देह ठेवायचे त्यांनी ठरविले. तोच वज्रस्वामींचे शिष्य वज्रसेनसूरी गोचरीला आले. लक्ष मोलाचे अन्न ज्या दिवशी पाहशील, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल, असे गुरूंनी त्यांना सांगून ठेवले होते. त्यांनी कुटुंबाला एक दिवस थांबविले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे बंदराला लागली.

नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती आणि विद्याधर या चौघा पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली आणि त्यांच्या नावांनी चार कुले चालली. तपागच्छाची पट्टावली चंद्रकुलातूनच येते. म्हणजे आजच्या कित्येक वाचकांच्या गुरुपरंपरेचा धागा या गजबजलेल्या उपनगरातून जातो आणि त्यांच्यापैकी बरेच जण येथून दर आठवड्याला लोकलने जातात! जुने बंदर गाळाने केव्हाच बुजले. जहाजे कुठे लागत असतील, हे आता तळी आणि सखल जमीन पाहून मनानेच ताडावे लागते. मुलांना ही कथा घरी सांगण्यापेक्षा तेथे उभे राहून सांगावी; ती त्यांना अधिक काळ आठवेल.

सोपाऱ्याहून आगाशी दूर नाही. मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन घ्यावे आणि गावात सुकेळी मिळतात का पाहावे. राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्या सुक्या पानांत बांधतात. पाऊस संपल्यावर हे काम सुरू होते. घरोघरचे त्यागाचे नियम निराळे असतात, तेव्हा आधी बहिणीला विचारून घ्यावे. भाजीवाल्याकडे काय घ्यायचे, हेही तिलाच ठाऊक असते.

परतताना शक्यतो सकाळची गाडी धरावी. पंचमीला ज्ञानाची पूजा आणि पेढीचा मुहूर्त असतो. बहिणीच्या घरचा डबा मात्र त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी उघडावा.