गिऱ्हाईक सोफा बघून कॅरॅव्हॅन घेतं, टाकीमुळं परत आणतं



परवाच्या व्हिडिओत कॅरॅव्हॅनच्या धंद्यावर बोललो, तेव्हा मैल्याच्या टाकीचा विषय दोन मिनिटांत उरकला. चूक झाली. नंतर जेवढे फोन आले, त्यातले निम्मे टाकीबद्दलच होते. म्हणून आज फक्त टाकी. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

आपल्या बॅचमधले एक फॅब्रिकेटर आहेत, शिरोलीला शेड आहे. एका टुरिस्ट गाडीवाल्यानं ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन करून घेतली, त्यातल्या टाक्यांचं काम यांच्याकडं आलं. वेल्डिंग एक नंबर. पाणी भरून रात्रभर ठेवलं, थेंब गळला नाही. गाडी गोव्याला गेली आणि चार दिवसांनी थेट यांच्या दारात येऊन उभी राहिली. मालक भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, दार लावून आत पाच मिनिटं बसून दाखवा." यांना दोन मिनिटंसुद्धा बसवलं नाही. टाकीला व्हेंट पाईपच नव्हता. पाणी आत कसं राहील याचा विचार झाला होता, हवा बाहेर कशी जाईल याचा झाला नव्हता. चाळीस हजारांचं बिल अडकलं, टाकी उतरवून पुन्हा करून द्यावी लागली, आणि त्या मालकाच्या ओळखीतून येणार होत्या त्या दोन गाड्या गेल्या.

कारागिरीत ते कमी नव्हते. टाकीचं पाणी कुठून येतं, कुठं जातं आणि वाटेत काय होतं, एवढं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते आता बघू.

तीन टाक्या आणि एक हिशोब

गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरी ग्रे वॉटरची, म्हणजे अंघोळ, बेसिन आणि भांड्यांचं पाणी. तिसरी ब्लॅक वॉटरची, म्हणजे संडासची. ग्रे आणि ब्लॅक वेगळ्या ठेवतात, कारण ग्रेचं पाणी भराभर वाढतं, तर ब्लॅकचं थोडं पण त्रासाचं असतं.

आता खरी गोम. इंटरनेटवर टाकीची जी मापं मिळतात, ती अमेरिका-युरोपातली आहेत. तिथं माणूस कागद वापरतो. आपण पाणी वापरतो. एवढ्या एका फरकानं टाकीचं गणित बदलतं.

चार माणसं, दोन दिवस. दिवसाला माणशी पाच वेळा टॉयलेट धरा, म्हणजे ४० वेळा. गाडीतलं पायानं दाबायचं फ्लश दर वेळी साधारण १ लिटर घेतं: ४० लिटर. शरीरातून जाणारं माणशी दिवसाला दीड लिटर: १२ लिटर. झाले ५२. साठ लिटरची टाकी पुरली. आता यात जेट स्प्रे घाला. दर वेळी फक्त १ लिटर धरला तरी आणखी ४० वाढले आणि बेरीज गेली ९२ वर. तीच साठ लिटरची टाकी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत भरते. तेव्हा गाडी कुठंतरी मालवणच्या रस्त्यावर असते आणि मालक तुम्हाला फोन लावत असतो.

म्हणून ऑर्डर घेताना पहिला प्रश्न "किती माणसं, किती दिवस" हा विचारा. आणि एक सोपा ताळा: ग्रे आणि ब्लॅक मिळून जेवढे लिटर होतात, ते स्वच्छ टाकीपेक्षा कमी नसावेत. आत आलेलं पाणी कुठंतरी मावलंच पाहिजे. चार जणांच्या बादलीभर अंघोळी दोन दिवस धरल्या तरी पंधरा लिटरनं १२० लिटर होतात. हे पाणी म्हणजे वजनही आहे, १०० लिटरला १०० किलो. टाक्या शक्य तेवढ्या खाली आणि चाकांच्या जवळ घ्या. सगळं वजन मागच्या टोकाला टांगलं तर घाटात गाडी मागून हलते.

टाकी कशाची आणि कशी

कोल्हापूरच्या माणसाचा हात स्टीलवर जातो, साहजिक आहे. दुधाचे कॅन, टँकर, गुऱ्हाळाच्या काहिली करणारी आपली माणसं. पण इथं माझं मत प्लास्टिकच्या बाजूनं आहे, जाड एलएलडीपीई किंवा एचडीपीईची रोटोमोल्ड टाकी. साधा एमएस तर नकोच, गंजतो. एसएस ३०४ चालतं, पण मैल्यातले क्षार आणि वर गिऱ्हाईकानं ओतलेलं ब्लीच मिळून वेल्डच्या कडेला बारीक खड्डे पडायला लागतात. साच्याचा खर्च एकट्याला परवडत नसेल तर प्लास्टिक शीट वेल्डिंगवाल्याला जोडीला घ्या. स्टीलची कला फ्रेम, पट्टे आणि पेटीत वापरा.

दुधाच्या टँकरवरून एक गोष्ट मात्र उचला. पाण्याच्या टँकरमध्ये पाणी हिंदकळू नये म्हणून आत आडवे पत्रे असतात. दुधाच्या टँकरमध्ये ते बहुतेक नसतात, कारण कोपऱ्यात दूध अडकलं की नासतं. ब्लॅक टाकीला हाच न्याय. आत पत्रे नकोत, काटकोनी कोपरे नकोत, आणि तळ व्हॉल्व्हच्या बाजूला उतरता हवा. ब्लॅकचा निचरा ७५ एमएमच्या खाली नको. ग्रेला ४० एमएम चालतो. पाईपला फुटाला पाव इंच उतार. उतार कमी पडला तर पाणी निघून जातं आणि घट्ट भाग मागं राहतो.

मागं राहणं हाच या टाकीचा मोठा रोग आहे. गाडी रिसॉर्टवर लावून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि खाली ढीग साचून वाळतो. म्हणून व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा, टाकी निदान अर्ध्याच्या वर भरली की एकदम सोडायचा. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या साबणाच्या पाण्यानं होज धुऊन निघतो. ही दोन वाक्यं मराठीत छापून व्हॉल्व्हच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. स्टिकरचा खर्च दहा रुपये, पण तक्रारी निम्म्या होतील.

वासाचं सांगायचं तर तीन जागा. पहिली व्हेंट: टाकीच्या डोक्यावरून सरळ छतापर्यंत, वर टोपी, आणि पाईप टाकीत खोल घालायचा नाही, नाहीतर टाकी भरली की त्याचं तोंड बुडतं. दुसरी, बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन. फॅन चालू, खिडक्या बंद आणि कुणी फ्लशचं झाकण उघडलं की फॅन टाकीतली हवाच आत ओढतो. तिसरी जागा भल्याभल्यांना सापडत नाही. नहाणी ट्रॅप. घरात त्यातलं पाणी जागेवर राहतं आणि वास अडतो. आंबा घाटातल्या वळणांवर तेच पाणी हिंदकळून निघून जातं आणि ट्रॅप उघडा पडतो. खोल ट्रॅप घ्या किंवा पाण्याशिवाय बंद होणारा सिलिकॉनचा घ्या.

आणि हो, जास्त वास ब्लॅकला येतो असं सगळ्यांना वाटतं. कोल्हापुरी कुटुंब गाडीत असेल तर तसं नाही. तांबड्या रश्श्याचा कट, मटणाची चरबी, मिसळीची तर्री, सगळं सिंकमधून ग्रे टाकीत जातं, भिंतींना बसतं आणि उन्हात कुजतं. सिंकखाली हातानं काढता येईल असा तेल-खरकट्याचा गाळणडबा द्या. बाहेरच्या कॅटलॉगात तो दिसणार नाही, पण आपल्या गिऱ्हाईकाला लागतोच.

मालक कशावर खूश होतो

गाडी वापरलेल्या माणसाला विचारलं की तो टीव्हीचं नाव काढत नाही. तो म्हणतो, टाकी किती भरली ते खरं कळलं पाहिजे. आत खुपसलेल्या पिनांचे सेन्सर थोड्या दिवसांत माखतात आणि टाकी रिकामी असली तरी 'फुल' दाखवतात. त्यापेक्षा बाहेरून चिकटवायची सेन्सरपट्टी बरी. ती धातूच्या भिंतीतून वाचत नाही, प्लास्टिकमधून वाचते. प्लास्टिकची बाजू घेण्याचं माझं हे दुसरं कारण.

त्याला आवडणारी दुसरी गोष्ट म्हणजे टाकी धुण्याचा नोझल. बाहेरून बागेचा पाईप जोडला की आत फवारा फिरतो, हात घालावा लागत नाही. होजच्या तोंडाला पारदर्शक कोपर दिला की पाणी स्वच्छ यायला लागलं हे डोळ्यांना दिसतं, अंदाज करावा लागत नाही. सगळे व्हॉल्व्ह एकाच कुलपाच्या पेटीत, पेटीत दिवा, हातमोज्याला हूक आणि हात धुवायला एक छोटा नळ. रात्री साडेनऊला पावसात टाकी सोडणाऱ्या माणसाला त्या नळाची किंमत विचारा.

सोडायची कुठं?

इथं आपल्याकडं खरी अडचण आहे. परदेशात कॅम्पग्राउंडवर डम्प स्टेशन असतं, गाडी लावली, होज जोडला, काम झालं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात कॅरॅव्हॅनबरोबर कॅरॅव्हॅन पार्कचाही विचार आहे. पण हायवेवर ढाब्याच्या मागं डम्प स्टेशन असेल असं धरून गाडी बांधू नका.

नवरा-बायको फिरणार असतील तर कॅसेट टॉयलेट द्या. खालची टाकी १७ ते २० लिटरची, चाकं आणि हँडल असलेली, ट्रॉली बॅगेसारखी ओढत नेऊन कुठल्याही संडासात ओतता येते. जोडीला एक जादा कॅसेट विका. जेट वापरणाऱ्या चार जणांना मात्र एक कॅसेट अर्धा दिवसही पुरत नाही, हिशोब वर केलाच आहे. तिथं मोठी टाकी आणि १२ व्होल्टचा मॅसरेटर पंप. तो मैला दळून इंचभर जाडीच्या पाईपमधून ढकलतो, वर चढवतोसुद्धा. लॉजवाल्याची परवानगी घेऊन त्याच्या संडासात किंवा सेप्टिकच्या चेंबरमध्ये सोडता येतं. तिथं सोडायचं असेल तर फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल टाकीत घालू नका, सेप्टिकमधले जिवाणू मरतात आणि पुढच्या वेळी लॉजवाला दारात उभं करत नाही.

रेल्वेत बायो-टॉयलेट आहेत, डीआरडीओच्या जिवाणूंवर चालतात, तेच गाडीत का नको, असं बरेच जण विचारतात. जिवाणूंना काम करायला जागा आणि दिवस लागतात. छोट्या गाडीतली टाकी दोन दिवसांत भरते आणि रिकामी होते. व्हॅनपुरती साठवणुकीची टाकीच बरी.

ओढ्यात सोडणारे आहेत, मला माहीत आहे. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २४ त्यासाठीच आहे. कायदा राहू दे बाजूला, आपण कोल्हापूरची माणसं. जयंती नाला पंचगंगेत काय आणतो आणि खाली इचलकरंजी-शिरोळला काय पोचतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. टाकीला 'गुपचूप सोडायचा' व्हॉल्व्ह मागणारं गिऱ्हाईक आलं तर ऑर्डर सोडा. गाडी पकडली गेली की बनवणाऱ्याचं नाव आधी निघतं.

धंदा कुठं आहे

अख्खी कॅरॅव्हॅन बांधायच्या मागं लगेच लागू नका. त्याला एआयएस-१२४ हे मानक आहे, पुण्यात एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासणी आहे, आणि तयार गाडीत मनानं बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. मंजुरी असलेल्या बिल्डरला टाकी, पेटी, पाईप आणि सेन्सर मिळून तयार संच पुरवणं हा लहान माणसाचा धंदा आहे.

आणि कॅरॅव्हॅनच कशाला? मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंगला येणाऱ्या व्हॅनिटी व्हॅनला हीच टाकी लागते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला, नृसिंहवाडीला लागणाऱ्या फिरत्या शौचालयांना लागते. फूड ट्रकला फक्त ग्रे लागते, तीही तेलाच्या गाळणीसह. पुण्यात जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी 'ती टॉयलेट' केली गेली, त्या बसलाही पाणी आत घ्यायचं आणि मैल्याची सोय करायची हाच प्रश्न सोडवावा लागला. एक माप पक्कं करा, पाच ठिकाणी विका.

दुरुस्तीचं कामही येईल. तेव्हा एक ध्यानात ठेवा. वापरलेल्या टाकीत पेटणारा आणि विषारी असे दोन्ही वायू असतात. डोकं आत घालायचं नाही, पोराला आत उतरवायचं नाही, आणि धुऊन, पाणी भरून वायू बाहेर काढल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी जवळ आणायची नाही.

त्या शिरोलीच्या दादांची आता एक पद्धत आहे. नवीन संच बसवला की तिन्ही टाक्या रंगीत पाण्यानं भरतात, वेगवेगळ्या रंगानं. एक रात्र शेडमध्ये उभी. सकाळी मालकाला शेजारी बसवून आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत आणि परत. आल्यावर बघायचं: कुठला रंग खाली टपकला, नहाणी ट्रॅपमध्ये पाणी राहिलं का, सेन्सर काय म्हणतो, व्हॉल्व्ह सोडल्यावर किती पाणी मागं राहिलं. सगळं मालकाच्या समोर वहीत लिहून त्याची सही घेतात. मग बिल देतात.