माग सुरू आहे, पण पुढे काय विणायचं?

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, यंत्रमागवाल्याला विचारा, "काय चाललंय?" उत्तर ठरलेलं असतं, "फुरसत कुठाय!" आणि ते खोटं नसतं. सकाळी सूत वेळेवर आलेलं नसतं, दुपारी वीज जाते, एक कामगार न सांगता गावी निघून जातो, बीम संपतो तेव्हा नेमका मेस्त्री सापडत नाही. संध्याकाळ वसुलीत जाते. इशाच्या नमाजनंतर वही घेऊन बसावं तर डोळे मिटायला लागतात. या सगळ्या धावपळीत एक प्रश्न महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. तो म्हणजे, आज जे कापड विणतोय तेच उद्याही विणायचं का?

मोठ्या कंपन्यांत याच प्रश्नाला प्रॉडक्ट स्ट्रॅटेजी असं भारी नाव आहे. त्यासाठी तिथे वेगळी माणसं असतात, वेगळ्या बैठका होतात. बारा माग चालवणाऱ्याकडे वेगळा माणूस नसतो. मालक तोच, मुनीम तोच, वेळ पडली तर हमालही तोच. म्हणून हा प्रश्न त्याला लागू नाही असं मात्र नाही. उलट त्यालाच तो जास्त लागू आहे, कारण चूक सोसण्याची त्याची ताकद कमी असते.

तातडीचं आणि महत्त्वाचं

कामं दोन तऱ्हेची असतात. काही ओरडून लक्ष वेधून घेतात: तुटलेला धागा, वाजणारा फोन, दारात उभा असलेला टेम्पो. काही कामं गप्प बसून असतात: नवीन नमुना काढून पाहणं, आपलं कापड शेवटी कोणाच्या अंगावर जातं हे शोधणं, मुलगा या धंद्यात येणार की नाही हे त्याच्याशी बसून बोलणं. ओरडणारं काम आज केलं नाही तर आजच नुकसान दिसतं. गप्प बसलेलं काम आज केलं नाही तर काहीच बिघडत नाही. उद्या केलं नाही तरी बिघडत नाही. पाच वर्षांनी मात्र एकदम सगळंच बिघडलेलं दिसतं.

म्हणूनच "कामातून वेळ मिळाला की विचार करू" हे वाक्य धोक्याचं आहे. रोजच्या कामातून वेळ कधी उरत नसतो, कारण काम हे पाण्यासारखं असतं, मिळेल तेवढी जागा ते भरून टाकतं. विचारासाठीचा वेळ आधी बाजूला ठेवावा लागतो, मग उरलेल्यात काम बसवावं लागतं.

नऊवारी गेली, ग्रे राहिलं

मालेगावचाच इतिहास पाहा. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातल्या विणकर घराण्यांनी आग्रा रोडने दक्षिणेची वाट धरली आणि मोसम नदीकाठच्या या गावात हातमाग बसवले. त्यांनी इथे येऊन बनारसचा माल विणण्याचा हट्ट धरला नाही. इथल्या बायका काय नेसतात ते पाहिलं आणि रंगीत नऊवारी लुगडी विणली. आजूबाजूच्या बाजारांत ती खपली. आपल्या बापजाद्यांनी हे कोणत्याही कॉलेजात न शिकता केलं होतं. याला धोरण नाही तर काय म्हणायचं?

नंतर जमाना बदलला. नऊवारी नेसणाऱ्या कमी झाल्या, सुरतेची छापील सिंथेटिक साडी गावोगावी पोहोचली. हातमागाच्या जागी यंत्रमाग आले आणि हळूहळू शहराची ओळख बनलं ते ग्रे, म्हणजे कोरं कापड. हे कापड इथून पाली, बालोत्र्यासारख्या ठिकाणी जातं, तिथे रंगतं, छापलं जातं आणि दुसऱ्याच्या नावाने विकलं जातं. विणणाऱ्याला शेवटचं गिऱ्हाईक कधी दिसतच नाही. आणि ज्याला गिऱ्हाईक दिसत नाही, त्याला बदलती आवडही दिसत नाही.

एका मागाच्या कारखान्याची गोष्ट

आज टोयोटा म्हटलं की मोटारी आठवतात. पण त्या घराण्याची सुरुवात मागापासून झाली. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग तयार केला, जो चालता चालता, न थांबता धोटा बदलायचा, आणि धागा तुटला की आपोआप थांबायचा. १९२६ मध्ये हे माग बनवणारी कंपनी निघाली. माग इतका चांगला होता की १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामवंत कंपनीने एक लाख पौंडांचा करार करून त्याच्या पेटंटचे हक्क घेतले.

एवढं यश आल्यावर कोणीही म्हटलं असतं, आता दुसरा विचार कशाला? पण साकिचींचा मुलगा किचिरो मोटारीच्या मागे लागला. १९३३ मध्ये मागाच्याच कारखान्यात मोटारींचा विभाग उघडला गेला आणि १९३७ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली. जुना माल चालत असतानाच त्यांनी पुढच्या मालाची तयारी केली, हा यातला धडा आहे. माल पडून राहायला लागल्यावर विचाराला बसलं तर खिशात पैसाही नसतो आणि डोकंही शांत नसतं.

आपण कोणी टोयोटा काढायला निघालेलो नाही. पण जुना माग चालवत असतानाच पुढचं पाहायचं, एवढं तर बारा मागवालाही करू शकतो.

जकातीचा कागद काय सांगतो

आपल्यातल्या प्रत्येक साहिबे-निसाब माणसाला वर्षातून एकदा बसून हिशेब करावाच लागतो. बरेच जण तो रमजानमध्ये करतात. आपल्या मालकीचा विक्रीसाठीचा माल, रोकड, येणं यांची किंमत काढायची, देणं वजा करायचं, आणि बाकी निसाबइतकी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी किंवा जास्त असेल तर अडीच टक्के जकात काढायची. कोणाच्या हिशेबात काही गुंता असेल तर त्याने मुफ्तीसाहेबांना विचारावं. पण धंद्याच्या नजरेनेही हा कागद फार मोलाचा आहे.

तयार कापड आणि विकत घेतलेलं सूत हा माल-ए-तिजारत, म्हणून तो हिशेबात येतो. माग हे कमाईचं हत्यार, म्हणून त्याची किंमत धरली जात नाही. आता जो मागवाला व्यापाऱ्याचं सूत आणून मजुरीवर विणून देतो, त्याचा कागद पाहा. माग धरायचे नाहीत. सूत व्यापाऱ्याचं, कापडही व्यापाऱ्याचं. मालाच्या रकान्यात शून्य. उरते ती हातातली रोकड आणि येणं असलेली मजुरी.

हा शून्य बोलका आहे. तो सांगतो की तुमच्याकडे कारखाना आहे, पण माल नाही. तुम्ही कापड विकत नाही, मागाची आणि कामगाराची मेहनत विकता, आणि तिचा दर समोरचा ठरवतो. मजुरीवर काम करणं वाईट नाही, ती हलाल कमाई आहे. फक्त आपण नक्की काय विकतो हे माहीत असलं पाहिजे. ज्याच्याकडे स्वतःचा माल आहे त्यानेही त्याच दिवशी पाहावं की कोणतं कापड वर्षभर गोदामात पडून आहे आणि कोणतं आठवड्यात उठलं. जकातीसाठी माल मोजतोच आहोत, तर त्याच बैठकीत आणखी एक तास त्या मालाशी बोलावं.

वर्ष, आठवडा आणि रोजचे पाच मिनिट

शाळेत आम्हा शिक्षकांचं नियोजन तीन पायऱ्यांचं असतं. जूनमध्ये वार्षिक नियोजन, मग घटक नियोजन, आणि रोजचं पाठ टाचण. वार्षिक नियोजनाशिवाय नुसती टाचणं काढत गेलं तर मार्च उजाडतो आणि अर्धं पुस्तक शिल्लक राहतं. धंद्यालाही या तीन पायऱ्या लागतात, आणि आपल्या दिनक्रमात त्यांच्या जागा आधीच आहेत.

वर्षाची बैठक म्हणजे वर सांगितलेला जकातीचा दिवस.

आठवड्याची बैठक शुक्रवारी. मालेगावात त्या दिवशी माग बंद असतात, आणि खडखडाट थांबल्याशिवाय नीट विचार सुचत नाही हे कोणीही मागवाला सांगेल. जुमाच्या अजानपासून नमाज होईपर्यंत कारोबार थांबवायचा हुकूम आहे. त्याआधी आणि त्यानंतर कामाला मनाई नाही. तेव्हा फज्रनंतर दीड तास, मोबाइल घरात ठेवून, वही घेऊन बसावं. वहीत चारच प्रश्न लिहावेत. या आठवड्यात कोणता माल किंवा कोणतं काम पैसे देऊन गेलं? कोणत्या कामाने नुसती दमछाक केली? कोणी काय मागितलं जे आपण देऊ शकलो नाही? आणि पुढच्या आठवड्यात कोणती एक छोटी गोष्ट करून पाहायची?

रोजचे पाच मिनिट म्हणजे फक्त टिपण. व्यापाऱ्याने सहज विचारलं, "रुंद पन्हा आहे का?" ते लिहून ठेवायचं. असे प्रश्न हवेत विरतात. वहीत जमा झाले की सहा महिन्यांत त्यातून बाजाराची चाल दिसायला लागते.

नमाजची वेळ ठरलेली असते म्हणून ती कामाच्या गर्दीतही पाळली जाते. "फुरसत मिळाली की पढू" म्हटलं असतं तर किती जणांची झाली असती, हे ज्याचं त्याने मनाशी पाहावं. विचाराच्या वेळेलाही हीच शिस्त लागते.

एका मागाचा हिशेब

नुसता विचार करून कापड बदलत नाही, करूनही पाहावं लागतं. त्यासाठी बारापैकी एक माग काही दिवस प्रयोगाला द्यावा. "नुकसान होईल" अशी भीती वाटते, म्हणून आकडे मांडूया. हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा पिकामागे १० पैसे मजुरी मिळते आणि कापड ५२ पिकाचं आहे. म्हणजे मीटरला ५ रुपये २० पैसे. एक माग दोन पाळ्यांत ८० मीटर काढतो असं धरू, तर दिवसाला ४१६ रुपये. आठ दिवस तो माग प्रयोगाला दिला तर बुडालेली मजुरी झाली ३,३२८ रुपये. सुताचा खर्च वेगळा.

आता दुसरी बाजू. मजुरीचा दर फक्त अर्ध्या पैशाने पडला, तर मीटरमागे २६ पैसे गेले. बारा मागांचे दिवसाला ९६० मीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे महिन्याला जवळजवळ ६,४९० रुपये गेले. तेही दर महिन्याला, आणि आपल्याला न विचारता. प्रयोगात बुडणारी मजुरी एकदाच जाते. दुसऱ्याच्या मर्जीवर राहण्याची किंमत मात्र दर महिन्याला मोजावी लागते.

प्रयोग छोटाच असावा: वेगळं सूत, वेगळा पन्हा, डॉबीवरची साधी डिझाइन. पहिल्याच उडीत व्याजाने कर्ज काढून रेपियर बसवायची घाई नको. कापडाची चाचणी, डिझाइन, प्रशिक्षण यासाठी सरकारची यंत्रमाग सेवा केंद्रं आहेत, तिथे आधी चौकशी करावी.

मशवरा कोणाशी?

मालक एकटाच विचार करतो आणि थकतो. मशवरा तर आपल्या दीनची शिकवण आहे. मेस्त्रीला आणि जुन्या कामगाराला विचारा, कोणतं कापड मागावर नीट चालतं हे त्यांच्या हातांना माहीत असतं. घरातल्या बायकांना विचारा. कापड विकत कोण घेतं? त्याच ना! आणि तरी धंद्याच्या बोलण्यात त्यांना कोणी विचारत नाही. हजरत खदीजा (र.अ.) स्वतः मोठ्या व्यापारी होत्या, हे आपण जलशात ऐकतो आणि घरी येऊन विसरतो. शिकलेल्या मुलामुलींना विचारा. दहावी-बारावीनंतर बरीच मुलं म्हणतात, "मागावर नाही जायचं." त्यांना मागाचा कंटाळा नसतो, रोज तेच ते आणि हातात काही नाही याचा असतो. काय विणायचं हे ठरवण्यात त्यांचा हात लागला तर चित्र बदलू शकतं.

इमाम अबू हनीफा (रह.) कुफ्याचे कापडाचे व्यापारी होते आणि फिकहचे इतके मोठे इमामही. दुकानातलं सगळंच ते स्वतः करत बसले नाहीत, व्यापारात त्यांचे भागीदार होते. विश्वासाच्या माणसावर काम सोपवलं तरच डोकं मोकळं होतं. वेळ काढण्याचा दुसरा रस्ता नाही.

ज्यांच्याकडे चारच माग आहेत

कोणी म्हणेल, सर, हे बारावाल्यांचं झालं. चार मागवाल्याने एक माग बंद ठेवला तर चुलीचं काय? बरोबर आहे. त्याने एकट्याने करूच नये. मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी मिळून एक माग, एक प्रयोग, खर्च वाटून घ्यावा आणि शुक्रवारी एकत्र बसावं. हेही मान्य की विजेचा दर, सुताचा भाव, सरकारचं धोरण हे वहीत लिहून सुटणारे प्रश्न नाहीत. त्यांच्यासाठी संघटना आहे, निवेदनं आहेत, ती लढाई लढावीच लागेल. पण वीज स्वस्त झाली तरी काय विणायचं हा प्रश्न आपलाच राहणार आहे. त्याचं उत्तर मंत्रालयातून येणार नाही.

सूरह अल-अस्र वेळेच्या शपथेने सुरू होते, ती आपल्या लहान मुलांनाही पाठ असते. रिज्क देणारा अल्लाह आहे, आणि त्यासाठी हातपाय आणि डोकं चालवणं आपल्यावर आहे. येत्या शुक्रवारी फज्रनंतर एक दोनशे पानी वही काढा आणि पहिल्या पानावर ते चार प्रश्न लिहा. पहिल्या आठवड्यात उत्तरं सुचणार नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात सुचायला लागतील, इन्शाअल्लाह.