गवंड्याची बाकी आणि मुदतीचा कायदा

अजिंठ्याच्या घाटाखाली वसलेल्या फर्दापुरात मोगलकालीन सराईपासून आजच्या पर्यटक निवासांपर्यंत नाना काळांची बांधकामे उभी आहेत. परंतु अशा वास्तूंसाठी राबलेल्या गवंडी, सुतार आणि गुत्तेदारांच्या थकलेल्या रकमेची कायद्याने कोणती कदर केली, याचा मागोवा घेऊ लागले असता मन विषण्ण होते.

अमेरिकेतील मेरीलँड राज्याने १७९१ मध्येच, वॉशिंग्टन नगरीची उभारणी चालू असताना, कारागिराच्या बाकीचा बोजा त्याने बांधलेल्या वास्तूवरच चढविण्याचा कायदा केला. अमेरिकेत मुदतीही कडक असतात: कॅलिफोर्नियात काम वा माल पुरवू लागल्यापासून २० दिवसांत पूर्वसूचना द्यावी लागते आणि काम पुरे झाल्यावर सामान्यतः ९० दिवसांत बोजा नोंदवावा लागतो. आपल्या १८७२ च्या करार कायद्याने शिंप्याला शिवलेला अंगरखा मजुरी मिळेपर्यंत अडवून धरण्याचा अधिकार दिला. भिंत मात्र मालकाच्याच ताब्यात राहते, म्हणून गवंड्याला तो आधार नाही. पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढतो. त्याच जमिनीवर घर बांधणाऱ्याची बाकी तेथे कोठेही दिसत नाही, आणि हा भेद मला अन्याय्य वाटतो.

गवंड्याच्या हाती उरली ती केवळ दाव्याची मुदत. निजामी अंमल संपल्यानंतर, १ एप्रिल १९५१ पासून, १९०८ चा मुदतीचा कायदा फर्दापूर ज्यात मोडत होते त्या हैदराबाद राज्यास लागू झाला. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसल्यास काम झाल्यापासून तीन वर्षे, हा त्यातील दंडक १९६३ च्या कायद्यानेही कायम ठेवला. घात होतो तो येथेच. ‘कापूस विकला की देतो’ या तोंडी वायद्यावर विसंबून गुत्तेदार हंगामामागून हंगाम थांबतो, आणि तीन वर्षे उलटताच दावा तमादीत जातो. उलट मुदतीच्या आत मोजमाप वहीच्या पानावर ‘हिशेब पाहिला, बाकी मान्य’ एवढे लिहून खाली मालकाची सही व तारीख पडली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात.

सरकारी कामाची तऱ्हा निराळी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दाव्यापूर्वी दोन महिन्यांची लेखी नोटीस आवश्यक असते. तो काळ मुदतीतून वजा होतो, आणि तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा दाखल करण्याची सोय १९७६ च्या दुरुस्तीने झाली. त्याहून मोलाची करार कायद्याची १९९७ ची दुरुस्ती: ठराविक दिवसांत मागणी न केल्यास हक्कच नष्ट होईल, अशी जी अट बलवान पक्ष करारनाम्यात घालीत असे, ती तिने निरर्थक ठरविली.

मजुरांच्या बाबतीत कायद्याने अधिक सहृदयता दाखविली. कंत्राटदाराने मजुरी बुडविल्यास ती मूळ मालकाने द्यावी, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरविले; वेतन कायद्याखालील अर्जाची मुदत, जी आरंभी सहा महिने होती, ती १९६४ मध्ये बारा महिने झाली आणि २०१९ च्या वेतन संहितेने ती तीन वर्षांवर नेली. स्वतः सिमेंट, वाळू, सळई उधारीवर आणून घर उभे करणाऱ्या लहान गुत्तेदाराला मात्र आजही त्याच वहीचा आणि त्याच सहीचा आधार आहे.